सदर बटण बंद करू नये

"मी बघतो," असं हेडक्लार्क जेवणाच्या टेबलावर म्हणाला आणि घरातल्या बाकी तिघांचे घास वाटेतच थांबले.

वाक्य तसं निरुपद्रवी. पण या घरात त्या वाक्याला इतिहास होता. दाराच्या बेलबद्दल तो असंच म्हणाला होता. तेव्हापासून पाहुणे कडी वाजवतात. न्हाणीघरातल्या नळाबद्दलही म्हणाला होता. तो नळ आता उलटा फिरवला की सुरू होतो आणि सुलटा फिरवला की हातात येतो. (पाहुण्यांना अंघोळीला पाठवण्याआधी बायको त्यांची दाराबाहेर उभं राहून शिकवणी घेते.) त्यामुळे आज तो होडीबद्दल "मी बघतो" म्हणाला, तेव्हा बायकोने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि आधी आपल्या वडिलांकडे पाहिलं. होडी त्यांची होती.

हे वडील, म्हणजे हेडक्लार्कचे सासरे, सासूबाई गेल्यापासून लेकीकडेच राहत होते. जन्मभर त्यांनी एकच शौक केला. सुट्टीचा दिवस उजाडला की तळ्यावर जायचं, होडी पाण्यात ढकलायची, पलीकडच्या काठाला पाण्यावर कललेलं एक झाड आहे तिथपर्यंत वल्हवत जायचं आणि गळ टाकून बसायचं. मासा मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर जास्तच ठीक, कारण मग जास्त वेळ बसता येतं. गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला आणि डॉक्टरांनी वल्ह्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून होडी काठावर पालथी पडली होती. सासरे रोज संध्याकाळी "जरा हवा खाऊन येतो" म्हणून निघायचे आणि त्या पालथ्या होडीवर बसून यायचे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलत नसे.

आज त्यांनीच विषय काढला होता. तळ्याच्या रस्त्यावरचा नर्सरीवाला होडी मागत होता. त्याला ती फाटकाशी ठेवून, तिच्यात माती भरून, फुलझाडं लावायची होती.

"देऊन टाकू," सासरे म्हणाले. "पडून तर आहे. फुलं येतील. बघायला बरं दिसेल."

बायको उठली आणि एक घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली. ती त्याच होडीतून पोहायला शिकली होती. तिला फार वाईट वाटलं की ती भांडी घासते, एवढं हेडक्लार्कला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं होतं. ते धुतलेलं पातेलं तिसऱ्यांदा नळाखाली गेलं तेव्हा त्याच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

"काय बघता?" सासऱ्यांनी विचारलं.

"मोटर बसवू. बॅटरीवर चालणारी मिळते. मागे लावायची, बटण दाबायचं, होडी आपली चालू लागते. आवाजसुद्धा नाही. माशाला कळत नाही की आपण आलोय."

"विजेवर मिक्सर चालतो, जावईबापू. होडी हातावर चालते."

"अण्णा, एकदा बघू तरी द्या ना त्यांना," बायको सिंकपाशी उभी राहूनच म्हणाली. तिने नवऱ्याची बाजू घेतली होती. असा प्रसंग घरात क्वचितच येत असे.

शेवटी ठरलं ते असं: रविवारी सकाळी सगळ्यांनी होडीत बसायचं. मोटरने होडी पलीकडच्या कललेल्या झाडापर्यंत नेऊन परत आणली, तर होडी घरची. नाही आणली, तर नर्सरीवाला काठावर टेंपो घेऊन उभा असेलच.

"त्याला सांगून ठेवतो," सासरे म्हणाले. "टेंपोला चटई घालून आण म्हणतो. ओरखडे नकोत."

*

आता हेडक्लार्कविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या अंगठ्यावर अवलंबून आहे.

तो वीजपुरवठ्याच्या कार्यालयात बिलांच्या तक्रारी ऐकायचा. खिडकीपलीकडून दिवसभर माणसं एकच सांगत, की साहेब, आम्ही तर घरात काहीच लावत नाही, मग बिल एवढं कसं? आणि हा एकच उत्तर देई, "घरी जाऊन बटणं बघा." हे सांगून सांगून त्याचा स्वतःचाच त्यावर असा विश्वास बसला होता, की घरी आल्यावर चपला काढण्याआधी तो बटणं बघायचा. खोलीत माणूस बसलेला असला तरी दिवा गरजेचा आहे की नुसता चैनीचा, हे तोच ठरवी. मुलगी दातांच्या डॉक्टरकीचा अभ्यास करायची; ती पाणी प्यायला उठली की परत येऊन अंधारात खुर्ची चाचपायची. सासरेबुवांची मिशी गेल्या वर्षी डाव्या बाजूने आखूड झाली होती, तीही दाढी चालू असताना न्हाणीघरातला दिवा गेल्यामुळेच.

यात त्याचा राग वगैरे काही नसे. चालता चालता, बोलता बोलता उजवा हात वर जाई, अंगठा खाली येई आणि टक् असा आवाज होई, एवढंच. घरातल्यांनीही जुळवून घेतलं होतं. कोणाला बटण सुरू करायचं असलं की तो आधी हेडक्लार्क कुठल्या खोलीत आहे याचा कानोसा घेई आणि मगच हात पुढे करी.

अशा माणसाने बॅटरी चार्ज करायचं मनावर घेतलं होतं.

दुकानदाराने मोटर दिली, बॅटरी दिली, चार्जर दिला आणि बरंचसं ज्ञानही दिलं. गाडीची बॅटरी वेगळी, होडीची वेगळी. ही सावकाश भरते आणि सावकाश रिकामी होते. लाल चिमटा अधिकला, काळा उण्याला. आधी चिमटे लावायचे, मग बटण. भरत असताना खिडकी उघडी ठेवायची. "नवी आहे, थोडी भरलेली येते, पण त्याच्या भरवशावर राहू नका. शनिवारी सकाळी लावा आणि दिवसभर, रात्रभर राहू द्या. हा चार्जर ऑटोमॅटिक आहे साहेब. बॅटरी भरली की आपला आपण थांबतो."

बाकीचं ज्ञान रस्त्यातच सांडलं, पण शेवटचं वाक्य हेडक्लार्कच्या मनात पक्कं बसलं. आपला आपण थांबणारं यंत्र! आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हे. चार्जरबरोबर एक माहितीपत्रक होतं, ते त्याने मोठ्या आदराने पिशवीतच राहू दिलं.

बॅटरीला वजन होतं. ती उचलताना त्याच्या पाठीतून जो आवाज आला त्यावर दुकानदारच म्हणाला, "राहू द्या, घरून काहीतरी आणा." म्हणून तो चाकांची प्रवासाची बॅग घेऊन आला आणि तिच्यात बॅटरी घालून ओढत निघाला. कोपऱ्यावर शेजारच्या काकू भेटल्या.

"गावाला निघालात?"

"नाही, परत आलो."

"एवढ्यात? भांडण झालं का?"

या प्रश्नाला उत्तर न देता त्याने काढता पाय घेतला, आणि तेवढ्यात बॅगेचं एक चाक निघालं. उरलेली वाट बॅग आणि हेडक्लार्क दोघंही लंगडत आले.

घरी खरा प्रश्न उभा राहिला, की ही ठेवायची कुठे? दिवाणखान्यात टीव्हीखाली जागा होती, पण बायको म्हणाली तिथे ती ठेवली तर मी माहेरी जाईन. (माहेर त्याच घरात, पलीकडच्या खोलीत झोपत असल्यामुळे ही धमकी हल्ली फारशी चालत नसे.) झोपायच्या खोलीत दुकानदाराने मना केलं होतं. न्हाणीघरात वीज आणि पाणी एकत्र म्हटल्यावर सासऱ्यांनी नुसतं आपल्या मिशीच्या आखूड बाजूवरून बोट फिरवलं. शेवटी उरली स्वयंपाकघरामागची गॅलरी. तिथे कपडे धुवायचं मशीन होतं आणि त्याच्यासाठी एक प्लग होता. त्या प्लगचं बटण मात्र आत, स्वयंपाकघरात, दाराजवळच्या बोर्डवर.

"शनिवारी माझं मशीन लागतं," बायको म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "राहू दे. कपडे सोमवारी धुवू." आठवड्याचा धुण्याचा दिवस तिने आजवर तापातसुद्धा हलवला नव्हता. हेडक्लार्कला तेव्हा पहिल्यांदा या कामाचं ओझं पाठीशिवाय दुसरीकडेही जाणवलं.

*

शनिवारी सकाळी सर्वांना गॅलरीत बोलावण्यात आलं. लाकडी फळीवर बॅटरी, तिच्यावर लाल आणि काळा चिमटा, शेजारी चार्जर. हेडक्लार्कने आत जाऊन बटण दाबलं. बाहेर चार्जरवर लाल दिवा लागला. मुलीने टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी "हं" केलं.

"आता ऐका," तो म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत हे बटण सुरू राहणार. कोणी बंद करायचं नाही."

बटण सुरू ठेवा असा हुकूम या घरात पहिल्यांदाच निघाला होता.

"परत एकदा म्हणा," बायको म्हणाली. "नीट ऐकू आलं नाही."

पण हेडक्लार्कचा तोंडी हुकमावर विश्वास नव्हता. त्याने कागद घेतला, पट्टीने समास आखला आणि लिहिलं: "सदर बटण कोणीही, कोणत्याही कारणास्तव बंद करू नये. आदेशावरून." खाली सही केली. मग तो कागद बोर्डवर असा चिकटवला, की त्याचं खालचं टोक बरोबर त्या बटणावर यावं आणि बटणाला हात लावायचा तर टोक उचलावंच लागावं. शिवाय गॅलरीचं दार लावून घेतलं. भरत असलेल्या बॅटरीला उगीच डोकावून त्रास देऊ नये, असं त्याचं म्हणणं.

बाकीचा दिवस सुरळीत गेला. त्याने मोटर काढून पुसली, परत घातली, परत काढली. मध्येच स्वयंपाकघरात जाऊन चहा मागितला. आपण नेमलेली व्यवस्था नीट चालू आहे या समाधानात तो घरभर फिरला, शीळ घालत आला, शीळ घालत गेला. रोजच्याप्रमाणे निजायच्या आधी घरातून फेरी मारली आणि शांत झोपला.

रविवारी सकाळी त्याने गॅलरीचं दार उघडलं. चार्जरवर लाल दिवा नव्हता. कुठलाच दिवा नव्हता.

"थांबला!" तो आनंदाने ओरडला. "भरली आणि आपला आपण थांबला! बघा, याला म्हणतात यंत्र!" आणि त्याने चिमटे काढले, प्लग उपटला, बॅटरी तीनचाकी बॅगेत घातली. बटणाकडे बघायचं काही कारणच नव्हतं.

सासरे दारात वल्ही घेऊन उभे होते.

"अण्णा, वल्ही कशाला? मोटर आहे ना."

"सवय आहे."

"मोटरचा अपमान होतो."

"तिला सांगू नका," सासरे म्हणाले आणि वल्ही डाव्या खांद्यावर टाकून चालू लागले.

*

तळ्यावर नर्सरीवाला टेंपोसकट हजर होता. टेंपोत चटई होती. तो गृहस्थ वाईट नव्हता. फक्त हातात माप घ्यायची टेप होती आणि होडी पाण्यात ढकलली जात असताना तो तिची लांबी बघत होता. "मागच्या बाजूला जास्वंद लावीन," तो म्हणाला. सासऱ्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

चौघं बसले. पुढे सासरे, गळ घेऊन. मध्ये मायलेकी, त्यांच्या पायाशी बॅटरी. मागे हेडक्लार्क, एक हात मोटरच्या मुठीवर. त्याने मोटरच्या डोक्यावरचं बटण दाबलं.

आणि होडी चालू लागली. खरंच चालू लागली. आवाज नाही, धक्का नाही, काठ आपला आपण मागे सरकायला लागला. बायकोने पाण्यात हात सोडला आणि ती हसली. सासरे मागे वळून पाहत नव्हते, पण त्यांच्या पाठीचा बाक जरा कमी झाला होता. हेडक्लार्कला वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदाच आपण या माणसाला काहीतरी दिलं. त्याचा ऊर भरून आला. तळ्याच्या मध्यापर्यंत तो भरलेलाच होता.

मध्यावर मोटरने उसासा टाकला. मग होडी हळू झाली. मग आणखी हळू झाली. मग ती हळूसुद्धा राहिली नाही.

"आलं का झाड?" बायकोने विचारलं. झाड अजून निम्म्या तळ्यापलीकडे होतं.

हेडक्लार्कने मूठ पिळली, बटण खालीवर केलं, बॅटरीला हात लावून ताप बघितल्यासारखं केलं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "बॅटरी पूर्ण भरली होती ना?"

"काठोकाठ. चार्जर स्वतःहून थांबला होता. तुझ्यादेखत."

"हिरवा दिवा होता?"

"कसला हिरवा? दिवाच नव्हता. भरली की बंद होतो."

मुलीने खिशातून घडी घातलेलं माहितीपत्रक काढलं. (पिशवीतून पडलं म्हणून तिने उचलून ठेवलं होतं, त्या घरात वाचायची सवय तिलाच होती.) "इथे लिहिलंय, भरत असताना लाल. पूर्ण भरल्यावर हिरवा लागून राहतो. दिवा नाही म्हणजे वीजच येत नाही."

ते ऐकून हेडक्लार्क उठून उभा राहिला. होडीने त्याला लगेच परत बसवलं.

"म्हणजे कोणीतरी बटण बंद केलं!" तो बसल्या बसल्या गरजला. "कागद लावला होता! स्पष्ट भाषेत! सही होती! काल दुपारी स्वयंपाकघरात कोण होतं?"

"मी होते," बायको म्हणाली. "मीच असते."

"मग?"

"मग काय? तुमच्या चहानंतर बघितलं तर बटण बंद. मी सुरू केलं."

"बंद दिसलं आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं हिच्याकडून चुकून झालं असेल. तुम्ही दिवसभर पोरीचं डोकं खाल्लं असतं."

"माझ्याकडून?" मुलगी म्हणाली. "मी तर संध्याकाळी परत सुरू केलं! बंदच होतं. मला वाटलं..." आणि ती थांबली.

"काय वाटलं?"

"मला वाटलं आजोबांनी केलं असेल. त्यांना मोटर आवडत नाही म्हणून."

आता तिघंही पुढे बघायला लागले. पुढे सासऱ्यांची पाठ होती. कारण त्यांच्याकडे होतं, स्वयंपाकघरात ये-जा होती, मोटरवरचा त्यांचा राग जगजाहीर होता. हेडक्लार्कचा आवाज एकदम तक्रारीच्या खिडकीतला झाला.

"अण्णा, आपण बटणाला हात लावला होता का?"

"लावला होता," सासरे म्हणाले.

"बंद केलंत?"

"सुरू केलं."

होडी नुसती तरंगत होती. सासरे गळाच्या दोऱ्याकडे बघत म्हणाले, "जेवणानंतर पाणी प्यायला आलो. बंद दिसलं. कागदाचं टोक उचललं, केलं सुरू. त्यात काय एवढं?"

"अण्णा," बायको म्हणाली, "तुम्हाला तर होडी द्यायची होती ना?"

"तुम्हाला अडचण नको म्हणून द्यायची होती. मला कुठे द्यायची होती?" ते जरा थांबले. "एकदा त्या झाडाखाली बसायचं होतं. एवढंच."

बायकोने त्यांच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. जवळपास पातेलं नव्हतं, म्हणून तिचे डोळे तसेच भरून राहिले.

हेडक्लार्कलाही गलबलून आलं. पण चौकशी अर्धवट सोडायची त्याला सवय नव्हती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "दुपारी हिने सुरू केलं. संध्याकाळी हिने सुरू केलं. जेवणानंतर अण्णांनी सुरू केलं. तिघांनी सुरू केलं. मग दर वेळी बंद कोण करत होतं? आणि तेसुद्धा कागदाचं टोक उचलून?"

"उचलून परत नीट दाबून," बायको म्हणाली. "दर वेळी टोक कसं इस्त्री केल्यासारखं बसवलेलं असायचं. मला कौतुक वाटत होतं."

"म्हणजे माणूस टापटिपीचा आहे," हेडक्लार्क विचारात पडत म्हणाला. "सराईत आहे. त्याला बटणाची जागा न बघता कळते. मी आदेश काढल्यावरही ज्याला आदेशाची भीती नाही, असा घरात..."

टक्.

आवाज लहान होता, पण तळ्यावर स्पष्ट ऐकू आला. तिघांनी एकदम त्याच्या हाताकडे पाहिलं. मग त्यानेही पाहिलं. त्याचा उजवा हात मोटरच्या डोक्यावर होता आणि अंगठा नुकताच खाली आला होता. मोटर चालत नाही तर बटण कशाला सुरू, म्हणून बोलता बोलता त्याने ते बंद केलं होतं.

मग मुलीला हसू फुटलं, ते बायकोला लागलं आणि सासऱ्यांची पाठ गदागदा हलायला लागली. हेडक्लार्क आपल्या अंगठ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसा बघत होता.

"वल्ह्यांचं एक बरं असतं, जावईबापू," सासरे डोळे पुसत म्हणाले. "त्यांना बटण नसतं."

आणि त्यांनी पायाखालची वल्ही मागे सरकवली.

हेडक्लार्कने जन्मात वल्हं धरलं नव्हतं. तो मोठ्या निर्धाराने पुढे तोंड करून बसला. "उलटे बसा," सासरे म्हणाले. वल्हवणारा माणूस जायचं तिकडे पाठ करून बसतो, हे त्याला त्या दिवशी कळलं आणि ते त्याला आपल्या एकूण कारभाराला धरूनच वाटलं. तो उलटा बसला आणि जोर लावला. उजव्या हाताला भलतीच ताकद निघाली (व्यायाम होता ना), डाव्याला काहीच नाही. होडी एका जागी गोल फिरायला लागली. एक फेरा झाला, दुसरा झाला. काठ आला, झाड आलं, टेंपो आला, परत काठ आला.

"डावं मारा!"

"मारतोय!"

"ते हवेत मारताय!"

या धांदलीत सासऱ्यांचा गळ तसाच पाण्यात लोंबत होता आणि होडीबरोबर गोल फिरत होता. चौथ्या फेऱ्याला दोरा ताणला. सासरे एका हाताने धडपडायला लागले, लेकीने दोरा धरला, नातीने लेकीला धरलं आणि तळहाताएवढा एक मासा होडीत येऊन पडला. तो बहुधा चक्कर येऊन सापडला असावा. सासऱ्यांनी त्याला सोडवलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत पाण्यात सोडून दिलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की हेडक्लार्कने डावं वल्हं पुढच्या खेपेला खरोखर पाण्यात मारलं.

मग हळूहळू जमलं. ते कललेल्या झाडापर्यंत गेले. सासरे त्याच्या सावलीत गळ टाकून बसले, मासा काही मिळाला नाही. परत येईपर्यंत हेडक्लार्कच्या तळहातांना फोड आले होते.

काठावर नर्सरीवाला टेप गुंडाळत उभा होता. "मी बघत होतो," तो म्हणाला. "मध्येच गोल गोल काय चाललं होतं? पूजा वगैरे?"

हेडक्लार्क कसाबसा उतरला. तो फार खाली मान घालून बोलला, पण खरं बोलला. "अण्णा, ठरलं होतं ते ठरलं होतं. मोटरने होडी नेऊन आणली नाही. चूक माझी. पण शब्द तर झाला होता."

सासऱ्यांनी होडीच्या कडेवरून हात फिरवला. "मोटर कुठे हरली?" ते म्हणाले. "तिला कोणी जेवूच दिलं नाही." मग ते नर्सरीवाल्याकडे वळले. "होडी मिळणार नाही. पण तुम्ही टेंपो आणलाय, रिकाम्या हाताने पाठवणं बरं दिसत नाही. जावई घेऊन जा. आडवा घाला, माती भरा. एका जागी ठेवला तर छान फुलेल."

नर्सरीवाल्याने हेडक्लार्ककडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि त्याचा हात टेपकडे गेला, असं मुलगी अजून सांगते.

*

पुढच्या शनिवारी बॅटरी पुन्हा गॅलरीत मांडण्यात आली. या वेळी कागद लावला नाही. बायकोने एवढंच केलं की सकाळी चहा झाल्यावर नवऱ्याच्या हातात छत्री दिली आणि त्याला दाराबाहेर काढलं.

"बॅटरी भरेपर्यंत घरात यायचं नाही. हिरवा दिवा लागला की फोन करू."

तो बागेत बसला, वाचनालयात बसला. (वाचनालयात दुपारी एकदम पंखे थांबले, पण त्याचा कोणाला छडा लागला नाही.) शेवटी पाय आपसूक बॅटरीच्या दुकानाकडे वळले. दुकानदाराने आपुलकीने स्टूल दिलं. भिंतीला लागून मोठं फडताळ होतं, त्यावर गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या ओळीने भरायला लावलेल्या आणि प्रत्येकीपुढे एक लाल दिवा. हेडक्लार्क त्यांच्याकडे कौतुकाने बघत बसला. आता त्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळत होता. आपण सुधारलो, असं त्याला वाटलं, आणि तसं त्याने दुकानदाराला सांगितलंही.

संध्याकाळी फोन वाजला. "बाबा, हिरवा लागला! आजोबा तर गॅलरीत खुर्ची टाकून बघत बसलेत. या आता!"

हेडक्लार्कचा आनंद पोटात मावेना. त्याने दुकानदाराचे आभार मानले, छत्री उचलली आणि दारातून बाहेर पडला.

टक्.

तो चार पावलं गेला असेल नसेल, मागून दुकानदाराची हाक आली, "अहो साहेब! साहेब!"

काय प्रेमळ माणूस आहे, हेडक्लार्कला वाटलं. आणि मागे न बघताच त्याने हात उंच करून त्याचा निरोप घेतला, अंगठ्यासकट.